घाणेरी कुठून तोडायची?

घाणेरीच्या झुडपावर कोयता चालवा आणि दोन-चार पाऊस झाले की तिथेच परत जाऊन बघा. तोडलेल्या एका फांदीच्या जागी चार-पाच धुमारे तरारलेले असतात. वणव्यात जळाली तरी बुंध्यापासून ती पुन्हा उभी राहते. तिचा तोड शोधायचा, तर आधी तिचं शरीर समजून घ्यायला हवं.

घाणेरी, म्हणजेच टणटणी, मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशाची. युरोपातल्या रोपवाटिकांनी संकर करून तिचे रंगीबेरंगी वाण काढले आणि १८०९च्या सुमारास ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. तिचा बंदोबस्त करायला आणलेले परदेशी किडेही फारसे उपयोगी पडले नाहीत. संकरित वाण इतके, की एकावर ताव मारणारी कीड दुसऱ्याला तोंडही लावत नाही.

दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात धुमाऱ्यांचाच माग काढला. ते फुटतात खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या सांध्यातून. त्याखाली मूळ तोडलं की नवा कोंब येत नाही. म्हणून कुदळीने जमिनीखाली साधारण तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उचलायचं आणि मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवायचं, म्हणजे सांध्याला माती लागत नाही. ना तणनाशक, ना यंत्र. इतकी साधी पद्धत गावोगाव पोचायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पण मातीत बिया असतातच. बुलबुलांसारखे पक्षी पिकलेली काळी फळं खातात आणि झाडावर बसून बिया खाली टाकतात. त्यामुळे नवी रोपं कुठे शोधायची हेही पक्षीच सांगतात: त्यांच्या बसायच्या झाडांखाली.

मोकळी झालेली जमीन तशीच सोडली, तर रानमोडीसारखं दुसरं तण ती बळकावतं. कॉर्बेटमध्ये तिथलंच गवत वाढवलं आणि घाणेरीच्या जाळ्यांजागी कुरणं उभी राहिली. आपल्याकडे ही जागा पवन्या, मारवेल या गवतांची. गवत दाटेपर्यंत दर पावसाळ्यात एक फेरी मारावीच लागते. माती ओली असते आणि रोप बोटभर; चिमटीत धरून ओढलं की मुळासकट हातात येतं.