ढोल काय बासरी आहे का?

गणपती जवळ आले की पुण्यातल्या कुठल्याही वर्गात ‘मिरवणुकीत डीजे हवा की नको’ एवढं विचारायची खोटी, उभी फूट पडते. सदाशिव पेठेतल्या एका शाळेत नववीच्या शेवटच्या बाकावर बसून मी ती पाहिली. बाईंनी आधीच बाजू निवडायला लावली, तिथंच चुकलं. डीजेवाले खिडकीकडे, विरोधातले दाराकडे. ‘आवाज जरा कमी असावा’ इतकंच म्हणणं असलेली एक मुलगी दाराकडच्या घोळक्यात गेली, ती दहा मिनिटांत ‘बंदीच घाला’ म्हणू लागली.

यात तिचा काही दोष नाही. सर्ज मॉस्कोविसी आणि मारिसा झाव्हालोनी या मानसशास्त्रज्ञांचा १९६९ सालचा प्रयोग पॅरिसमधल्या शाळकरी मुलांवरच होता. फ्रान्सचे नेते द गॉल आणि अमेरिकन लोक यांच्याविषयी प्रत्येकानं आधी एकट्यानं मत नोंदवलं, मग गटात चर्चा झाली. चर्चेनंतर आधीच आवडणारे द गॉल आणखी आवडू लागले, अमेरिकन आणखी नावडते झाले. कारण एकाच कलाच्या घोळक्यात नवे मुद्दे येतात तेही त्याच कलाचे. शिवाय आपल्या माणसांत मिळमिळीत दिसायला कुणाला आवडतं? पंधराव्या वर्षी तर मुळीच नाही. याला समूह-ध्रुवीकरण म्हणतात.

पुढच्या तासाला बाईंनी आधी बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. बऱ्याच चिठ्ठ्या अधल्यामधल्या निघाल्या. मग त्यांनी विचारलं, “निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ५५चे ६५ झाले तर काय होतं?”

ढोलपथकातला एक मुलगा उठला. “थोडा वाढतो, बाई.”

“तीव्रता दहापट होते. ७५ झाले तर शंभरपट.”

खिडकीकडून लगेच आलं, “मग तुमचा ढोल काय बासरी आहे का?” सगळे हसले, तोही हसला.

‘का’ विचारलं की मुलं पाठ केलेली कारणं फेकतात. ‘कसं’ विचारलं की अडखळतात. रोझेनब्लिट आणि काइल या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हेच दाखवलं: कपड्याची चेन (झिप) कशी लागते हे आपल्याला ठाऊक आहे असं लोकांना वाटतं, पायरीपायरीनं सांगायला लावलं की खात्री उतरते. सरकारी धोरणांबाबत असं केलं तर टोकाची मतं मवाळ होतात, असा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. २०२१ मध्ये इतरांनी पडताळलं तेव्हा समजल्याची खात्री घटली, मतं मात्र हलली नाहीत. माझ्या मते वर्गासाठी तेवढंही पुष्कळ आहे.

घंटा झाल्यावर तो ढोलवाला मागे रेंगाळला. नदीपात्रातल्या सरावाला दादाच्या मोबाइलवर आवाज मोजून आणतो म्हणाला.

“आण,” बाई म्हणाल्या, “पण ढोलापासून किती फुटांवर उभा होतास तेही लिही.”