‘डी ड्राइव्हला टाकलंय’ म्हणजे बॅकअप नव्हे

सातबाऱ्याचे स्कॅन असोत की लग्नाचे फोटो, ‘डी ड्राइव्हला टाकलंय, काळजी नको’ असं सांगलीत सर्रास ऐकू येतं. या समजाला कारण आहे: विंडोज नव्याने टाकताना सहसा फक्त सी ड्राइव्ह (जिथे विंडोज असतं) पुसला जातो, डी तसाच राहतो. पण बऱ्याच घरगुती कॉम्प्युटरांत सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क टकटक आवाज करत बंद पडली की दोन्ही गेले. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणारा व्हायरस, हाही दोन्हीकडच्या फाइली लॉक करतो. दुसरी प्रत एक्स्टर्नल डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती काढून ठेवा. कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी तर एक प्रत क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठ्यात) किंवा परगावी नातेवाइकांकडे ठेवावीच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी घराघरांत शिरलं होतं. अधूनमधून या प्रतींतली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.