चित्रपटांच्या डीव्हीडी भाड्याने देण्याचे दुकान : पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

चोपडा, अमळनेर, शहादा किंवा शिरपूर अशा तालुक्याच्या गावी चित्रपटांच्या डीव्हीडी भाड्याने देणारे दुकान काढायचे असेल, तर दुकानाची नोंद आणि चित्रपट भाड्याने देण्याचा हक्क या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे आधी समजून घ्यावे. नोंद शासनाकडे होते आणि तिला फारशी यातायात पडत नाही. हक्क मात्र शासन देत नाही, तो चित्रपटाच्या हक्कधारकाकडून लेखी घ्यावा लागतो. आमच्याकडे ‘गुमास्ता’ म्हणजे दुकानाच्या नोंदीचा कागद काढला की सारे झाले, असा समज पक्का आहे. ओळखीतल्या एका दुकानदाराने गुमास्त्याची पावती लॅमिनेट करून गल्ल्यामागे लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगली होती. तपासणीला आलेल्या फौजदारांनी ती शांतपणे वाचली आणि मग फळीवरची एक डीव्हीडी काढून विचारले, “हिचा कागद कुठे आहे?” त्याच्याकडे तो नव्हता. म्हणून हक्काचा भाग येथे आधी घेतला आहे.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार चित्रपटाची प्रत विकण्याचा आणि व्यावसायिक तत्त्वावर भाड्याने देण्याचा अधिकार हक्कधारकाचा असतो. जळगावहून किंवा मुंबईहून पक्क्या बिलावर विकत घेतलेली डीव्हीडी आपल्या मालकीची होते, ती घरी कितीही वेळा पाहता येते. पण पैसे घेऊन ती दुसऱ्याला एका रात्रीसाठी देण्याचा अधिकार त्या बिलातून मिळत नाही. नफा न कमावणाऱ्या वाचनालयाने किंवा शिक्षणसंस्थेने कायदेशीररीत्या मिळवलेली प्रत नफ्याविना दिली, तर २०१२ च्या दुरुस्तीने ती ‘व्यावसायिक भाडे’ या व्याख्येबाहेर ठेवली आहे. ही सवलत खासगी दुकानाला लागू होत नाही, आणि केवळ नावात ‘वाचनालय’ घातल्याने ती मिळतही नाही.

हक्कधारक शोधायचा कोठे, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर बहुधा डीव्हीडीच्या वेष्टनावरच असते. कलम ५२अ प्रमाणे वेष्टनावर हक्कधारकाचे नाव व पत्ता, प्रत तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, त्याने आवश्यक संमती घेतल्याचे निवेदन, तसेच प्रमाणपत्र आवश्यक असलेल्या चित्रपटासाठी सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत असावी लागते. माल घेताना वेष्टन उलटून हा बारीक मजकूर वाचावा. तो नसेल, किंवा फोटोकॉपी केल्यासारखा पुसट असेल, तर ती प्रत स्वस्त असली तरी घेऊ नये. मजकूर असेल तर त्याच पत्त्यावर संमतीसाठी पत्र पाठवता येते. मिळणाऱ्या संमतीपत्रात चित्रपटांची नावे, ‘भाड्याने देणे’ हे स्पष्ट शब्द, मुदत, क्षेत्र आणि मोबदला नमूद असावा. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर संपूर्ण भारत धरतो. तरीही या गोष्टी मोघम न ठेवता लिहून घेतलेल्या बऱ्या. अहिराणी गाण्यांच्या आणि विनोदी चित्रफितींच्या बाबतीत निर्माता अनेकदा आपल्याच जिल्ह्यातला, फार तर शेजारच्या तालुक्यातला असतो. अशा वेळी समक्ष भेटून करार करणे सोपे जाते आणि माझ्या मते नव्या दुकानदाराने सुरुवात तेथूनच करावी.

जुन्या चित्रपटांचा पर्यायही आहे. चित्रपटावरील कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा हक्क ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. मात्र कथा आणि संगीत यांचे हक्क स्वतंत्र असतात व ते संबंधित लेखक-संगीतकाराच्या हयातीवर अवलंबून राहतात, त्यामुळे ‘जुना आहे, चालतो’ एवढ्यावर भागत नाही.

पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डात पिक्चर भरून देण्याचे काम अनेक मोबाइलच्या दुकानांत राजरोस चालते, म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. संमतीविना प्रत करणे हा कॉपीराइटचा भंगच आहे. कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी सर्वसाधारणपणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे, आणि उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय प्रती जप्त करू शकतो. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेल्या राज्याच्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्याच्या नावातच पुढे ‘व्हिडिओ पायरेट्स’ ही भर पडली आहे, हेही ध्यानात असावे. अश्लील चित्रफिती विकण्याप्रमाणेच भाड्याने देणे हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ खाली गुन्हा आहे.

आता दुकानाच्या नोंदीकडे वळू. अर्जदार १८ वर्षांवरील असावा, कारण त्याशिवाय भाडेकरार किंवा संमतीपत्राचा करार वैध होत नाही. शिक्षणाची अट नोंदीसाठी नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे वीसपेक्षा कमी (२०२५ च्या दुरुस्तीपूर्वी दहापेक्षा कमी) कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांच्या आत नमुना ‘एफ’ मध्ये ऑनलाइन सूचना द्यावी लागते व तिची पोचपावती मिळते. हीच आपली गुमास्त्याची पावती. अर्जासाठी आधार, पॅन, अर्जदाराचे छायाचित्र व सही, स्वयंघोषणापत्र, जागेचा पुरावा आणि पाटीसह दुकानाचे छायाचित्र तयार ठेवावे. पाटी देवनागरी लिपीत मराठीत असणे बंधनकारक असून इतर लिपीतील अक्षरे मराठीपेक्षा मोठी असू नयेत. २०२२ च्या दुरुस्तीपासून हा नियम लहान दुकानांनाही लागू आहे. त्यामुळे पाटी आधी रंगवून घ्यावी आणि मग फोटो काढावा, नाहीतर सेतू केंद्रावर दुसरी खेप पडते.

जागा स्वतःची असल्यास मालमत्ता कराची चालू पावती पुरते. भाड्याची असल्यास अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे गावोगावी सांगितले जाते, ते चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. गाळा नगरपरिषदेचा असेल, तर मूळ गाळेधारकाशी परस्पर तोंडी व्यवहार न करता तो गाळा कोणाच्या नावे आहे आणि थकबाकी आहे का, याची चौकशी नगरपरिषदेत करावी. वीजजोडणी घरगुती असेल तर ती वाणिज्यिक करून घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज द्यावा.

करांच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीसाठी ४० लाख रुपयांच्या उलाढालीची मर्यादा आहे, म्हणून डीव्हीडीवाल्यालाही तीच लागते असे गृहीत धरले जाते. पण मालकी न देता वस्तू वापरायला देणे ही जीएसटीत सेवा आहे आणि सेवेची मर्यादा २० लाखांची आहे. तालुक्याच्या गावी एवढी उलाढाल होईल अशी आशा करायला हरकत नाही. व्यवसाय कराची नोंद मात्र वेगळी करावी लागते. हा कर वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा अधिक असू शकत नाही.

कर्ज हवे असल्यास आधारवर होणारी उद्यम नोंदणी आधी करून घ्यावी. ती मोफत आहे, तिच्यासाठी कोणा एजंटला पैसे देऊ नयेत. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. बँकेत प्रकल्प अहवाल देताना फर्निचर, टीव्ही आणि डीव्हीडी यांच्याबरोबर संमतीच्या मोबदल्याचा खर्चही दाखवावा.

दुकानात ग्राहकांना बसवून, तिकीट लावून चित्रपट दाखवायचा विचार असेल, तर तो भाड्याचा धंदा राहत नाही, ते सार्वजनिक प्रदर्शन होते. त्यासाठी जाहीर प्रदर्शनाची हक्कधारकाची वेगळी संमती आणि चित्रपटगृहविषयक कायद्याखालील वेगळा परवाना लागतो. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटांसाठी स्वतंत्र फळी ठेवावी आणि शाळकरी मुलांच्या हाती त्या डीव्हीडी देऊ नयेत. पत्र्याच्या गाळ्यात उन्हाळ्यात तबकड्या वाकतात, तेव्हा फळी पश्चिमेच्या भिंतीला लावू नये. खानदेशातल्या मे महिन्याचे हे एक वेगळेच कलम आहे.

कागदपत्रांसाठी एक फाइल दुकानातच असावी. तिच्यात पोचपावती, भाडेकरार आणि खरेदीची बिले, आणि प्रत्येक डीव्हीडीवर घातलेल्या क्रमांकानुसार लावलेली संमतीपत्रे ठेवावीत. ज्या संमतीची मुदत संपली, त्या क्रमांकाची डीव्हीडी नवे पत्र येईपर्यंत फळीवरून उतरवून कपाटात ठेवावी.