सिक्वेन्स मोठा की कलर?
कोथरूड असो की हडपसर, शनिवारी रात्री घरी पोकरचा डाव बसला की हा वाद ठरलेला. एकाकडे ५-६-७-८-९ असा सिक्वेन्स, दुसऱ्याकडे पाचही बदाम, म्हणजे कलर, आणि कोणीतरी छातीठोकपणे सांगतो, "सिक्वेन्सच मोठा रे!" खरं आहे, पण तीन पत्तीत. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो.

जे दुर्मिळ ते मोठं, एवढाच हिशोब. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६ (साधे म्हणजे सिक्वेन्स आणि कलर दोन्ही एकदम असलेले हात सोडून). पाच पत्ते आले की गणित उलटतं. २५,९८,९६० हातांत साधे सिक्वेन्स १०,२००, तर साधे कलर जेमतेम ५,१०८. दिवाळीतल्या तीन पत्तीची सवय इथे नडते ती अशी.

"बरोबरी झाली तर इस्पिक जिंकतो" हीसुद्धा थापच. पोकरमध्ये इस्पिक, बदाम सगळे सारखेच. दोघांचे हात तंतोतंत बरोबरीचे असतील तर पॉट, म्हणजे डावात जमलेली रक्कम, निम्मा-निम्मा. एखादी चिप उरलीच, तर डीलरच्या डावीकडून जो विजेता आधी येतो त्याला द्या आणि पुढचा डाव वाटायला घ्या.