आधी बावटे, मग करार

हवामान बदलाचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा १९८८ पासून होते. त्या वर्षी आयपीसीसी ही हवामान बदलाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती स्थापन झाली, १९९२ मध्ये रिओची परिषद झाली, पुढे १९९७ ला क्योटो करार, २०१५ ला पॅरिस करार. हा इतिहास खरा आहे, पण तो सभागृहांचा आहे. वस्तीनं एकत्र येऊन हवामानाचा मार झेलायची तयारी करणं ही गोष्ट त्याहून जुनी आहे, आणि तिच्यातलं मोठं पान बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर लिहिलं गेलं.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानवर आदळलं. बळींचा अंदाज तीन ते पाच लाख. वादळ येतंय हे हवामान खात्याला ठाऊक होतं. ज्यांच्या अंगावर ते येणार होतं त्यांच्यापर्यंत ते धड पोचलं नाही. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर, १९७२-७३ मध्ये, तिथल्या रेड क्रॉसनं आणि सरकारनं मिळून चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम उभा केला. त्याची सामग्री अगदी साधी होती: रेडिओ, भोंगा, हातानं फिरवायचा सायरन, आणि धोका वाढेल तसे चढणारे एक, दोन, तीन बावटे. खरी ताकद होती ती गावातल्याच स्वयंसेवकांची. परक्या अधिकाऱ्यानं सांगितलं म्हणून माणूस घरदार, गुरंढोरं सोडून अंधारात निघत नाही. रोज भेटणारा शेजारी दार ठोठावतो तेव्हा निघतो.

तरीही १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. इशारा पोचला होता, पण पक्के निवारे फार थोडे होते. मेलेल्यांमध्ये बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. घरच्या पुरुषाची वाट पाहणं, कडेवरची लेकरं, परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायचा संकोच, अशी त्यामागची कारणं. शेजाऱ्यांची फळी उभी असूनही तिच्यात अर्धा गाव धरलेलाच नव्हता, हे या वादळानं दाखवलं. नंतर निवारे वाढले, त्यांत बायकांसाठी वेगळ्या जागा आल्या, आणि आज पाऊण लाखाच्या आसपास असलेल्या स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. २००७ च्या सिद्र वादळात बळी साडेतीन हजारांच्या आसपास होते. २०२० मध्ये अम्फन आलं तेव्हा, करोनाची साथ चालू असताना, बांगलादेशात वीस लाखांहून अधिक लोकांना हलवलं गेलं. प्रत्येक वादळाची ताकद आणि वाट वेगळी असते, म्हणून हे आकडे सरळ एकापुढे एक मांडता येत नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे.

त्याच देशातली दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. १९६० च्या दशकात नैऋत्य किनाऱ्यावर शेती वाचवायला मोठाले बांध घातले गेले. भरतीचं पाणी अडलं, तसा त्यातला गाळही शेतांत यायचा थांबला आणि नद्यांच्या पात्रांत साचू लागला. पात्रं वर आली, आतलं पावसाचं पाणी बाहेर पडेना. १९८० च्या दशकात कितीतरी गावं वर्षानुवर्षं तुंबलेल्या पाण्यात राहिली. अखेर १९९० मध्ये बील डाकातिया या सखल भागातल्या लोकांनी स्वतःच बांध फोडला. १९९७ मध्ये बील भायना इथं तेच झालं. भरती आत शिरली, गाळ टाकून गेली, जमीन उंचावली आणि ओहोटीच्या जोरानं नदीचं पात्र खोल झालं. सरकारी अभियंत्यांनी पुढे ही पद्धत भरती-नदी व्यवस्थापन या नावानं स्वीकारली. आराखडा आधी तयार करून मग गावाला सह्यांसाठी बोलावणं यालाही आपण लोकसहभाग म्हणतो. इथं आराखडाच लोकांचा होता, आणि तो मान्य व्हायला त्यांना बांध फोडावा लागला.

वस्तीतल्या एकजुटीचं मोल श्रीमंत शहरांना उमजायला आणखी वेळ लागला. जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत शिकागोत नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी नंतर नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल या लगतच्या वस्त्यांची तुलना केली. दोन्हीकडे गरिबी होती, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं प्रमाणही जवळपास सारखंच. तरी पहिल्या वस्तीतला मृत्युदर दुसरीच्या दहापट होता. दुसरीत रस्ते गजबजलेले होते, दुकानं चालू होती, माणसं घराबाहेर पडत होती. पहिली ओस पडत चालली होती.

धोरणाच्या कागदांवर ‘स्थानिक’ हा शब्द तोवर येऊन गेला होता. रिओच्या परिषदेतला कृती-आराखडा म्हणजे अजेंडा २१; त्याच्या २८ व्या प्रकरणात, १९९६ पर्यंत बहुतेक स्थानिक संस्थांनी आपापल्या नागरिकांशी बोलून स्थानिक कार्यक्रम ठरवावा, अशी अपेक्षा होती. काही शहरांनी तो ठरवलाही. पण क्योटोच्या काळात सगळा भर उत्सर्जन मोजण्यावर आणि कमी करण्यावर राहिला. जुळवून घ्यायची भाषा काढली की ती हार मानल्यासारखी वाटे. उत्सर्जन कमी करायच्या कामातही एकजूट काय करू शकते हे डेन्मार्कच्या सामसो बेटानं दाखवलं: १९९७ मध्ये अक्षय ऊर्जेचं बेट म्हणून निवड झालेल्या या चार हजार वस्तीच्या बेटावर सहा वर्षांत २१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच तिथल्या शेतकऱ्यांच्या आणि सहकारी गटांच्या मालकीच्या होत्या.

कुरणं, पाणी अशी सामाईक साधनं लोक स्वतः नियम करून शतकानुशतकं सांभाळू शकतात, हे अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्येच साधार मांडलं होतं. त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं २००९ मध्ये. त्याच वर्षी त्यांनी लिहिलं की जागतिक कराराची वाट पाहत बसण्यापेक्षा अनेक पातळ्यांवर एकाच वेळी काम सुरू झालं पाहिजे. ढाक्यात २००५ पासून बांगलादेशी हवामान अभ्यासक सलीमुल हक आणि त्यांचे सहकारी समुदायाधारित अनुकूलनावर, म्हणजे वस्तीनं मिळून बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यावर, परिषदा भरवत होतेच.

अडलं ते पैशापाशी. २००३ ते २०१६ या काळात आंतरराष्ट्रीय हवामान निधींतला दहा टक्क्यांहून कमी पैसा स्थानिक कामांसाठी ठेवला गेला, असं एका अभ्यासात आढळलं. जानेवारी २०२१ मध्ये स्थानिक नेतृत्वाखालील अनुकूलनाची आठ तत्त्वं जाहीर झाली. पहिलंच तत्त्व निर्णयाचा अधिकार शक्य तितका खाली नेण्याचं.

केनियात त्याआधीच काही कोरडवाहू काउंट्यांनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, हा प्रयोग केला होता. त्यांतल्या इसिओलोत हवामान निधीतून कोणती कामं करायची हे वॉर्डातल्या लोकांच्या समित्या ठरवू लागल्या. तिथल्या बोराना पशुपालकांची देधा नावाची जुनी व्यवस्था आहे: पावसाळ्यात कुठे चारायचं, उन्हाळ्यात कुठे, आणि दुष्काळासाठी कोणतं कुरण राखून ठेवायचं, हे ती ठरवते. पाण्याच्या कामांबरोबरच लोकांनी थोडा पैसा मागितला तो या देधाला पुन्हा बळ द्यायला.