सीझनचा पहिला बंब: पेटवण्याआधी आणि पेटल्यावर

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधीपासून दुकानात रोज तोच प्रश्न असतो, माळ्यावरून पाणी तापवायचा तांब्याचा बंब काढलाय, आता काय करू? कुणाचा आजीच्या लग्नातला असतो, कुणी गेल्याच वर्षी आमच्याकडून नेलेला असतो, पण प्रश्न तोच. गर्दीत एकेकाला तोंडी सांगताना दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि चार राहतात, म्हणून यंदा लिहूनच देतोय. घरात जो कुणी बंब पेटवणार असेल त्याच्या हातात हा कागद द्या.

सोलापूरला थंडी ती केवढी, हे आम्हालाही माहितीये. ऑक्टोबर हिटमध्ये घामाने अंग चिकट झालेलं असतं, मग एके दिवशी पहाटे पंखा बंद करावासा वाटतो आणि कपाटातली चादर बाहेर येते. नरक चतुर्दशीला तेल-उटणं लावून सुरुवात होते आणि जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेपर्यंत, म्हणजे यण्णीमज्जनाला (तैलाभिषेकाला) ६८ लिंगांना तेल लागतं त्या दिवसांपर्यंत, पहाटेचं पाणी हाताला टोचतं. तेवढे अडीच-तीन महिनेच बंबाचे. म्हणूनच पहिला बंब उरकून टाकू नका असं आमचं अगदी मनापासून सांगणं आहे. अर्धा तास आधी उठा, पाट घेऊन शेजारी बसा.

पण त्याच्याआधी आदल्या दिवशीचं काम. बंब अंगणात उजेडात आणा आणि मधल्या नळीतून, म्हणजे जिच्यात लाकूड जळतं आणि जिच्याभोवती पाणी असतं तिच्यातून, वरून खाली बघा, आरपार उजेड दिसला पाहिजे. आठ-नऊ महिने पडून राहिलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, कोळी असतात, एकदा तर चिमणीच्या घरट्याच्या काड्या गच्च भरलेल्या निघाल्या होत्या. नळी तुंबलेली असली की धूर वर जाणार कुठून, तो खालच्या दारातून तुमच्या तोंडावर येतो. लांब काठीला गोणपाट गुंडाळून नळी आतून घासून घ्या. तांब्यातून उष्णता स्टेनलेस स्टीलपेक्षा साधारण २५ पट सहज जाते हे खरंय, पण नळीला काजळीचा थर असेल तर त्या तांब्याचा उपयोग काय, काजळी आच अडवते. बाहेरून चिंच-मीठ लावून चकचकीत केलेले आणि आतून काळेकुट्ट बंब आमच्याकडे ढिगाने येतात. घासायला एकच बाजू जमणार असेल तर आतली घासा.

मग पाणी भरा आणि रात्रभर तसंच ठेवा. पाणी भरायचा हा दिवस आपल्याकडे पहिल्यापासून आहेच, बंब घासून, पाणी भरून, हळदीकुंकू लावून ठेवायचं, कानडी घरांत तर तो पाणी भरायचा सणच असतो. आम्हाला वाटतं त्यात शहाणपणाही आहे, कारण बंब कुठे गळत असेल तर रात्रभरात फरशीवर ओल दिसते आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. तोटीतून थेंब थेंब येत असेल तर बहुतेक वेळा नुसता वॉशर गेलेला असतो, पाच मिनिटांचं काम. बुडाशी ओल दिसली तर मात्र पेटवू नका, घेऊन या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी पाणी, मग जाळ. कायम. लाकडाचा जाळ सहाशे अंशांच्या पुढे सहज जातो, तांबं वितळायला १०८५ अंश लागतात म्हणून तांब्याला काही होत नाही, पण जोडाला दिलेला कथील-शिशाचा डाग (सोल्डर) १८३ अंशांपासूनच मऊ पडायला लागतो. नळीभोवती पाणी असतं तोवर ते आच ओढून घेतं आणि जोड शंभर अंशांच्या आसपासच राहतो, पाणी नसलं की खेळ संपला. आमच्या स्वतःच्या घरी झालंय हे. दिवाळीला पाहुणे भरलेले, एकामागून एक अंघोळी चाललेल्या, प्रत्येकाने तोटी सोडली आणि प्रत्येकाला वाटलं पाणी मागच्याने ओतलं असेल, शेवटी आतून तडतड आवाज आला आणि बुडाच्या जोडातून डागाचे चंदेरी थेंब राखेत पडले. आमच्या अण्णांनी ते थेंब गोळा करून डबीत ठेवले होते, नवीन कारागीर आला की त्याला आधी ती डबी दाखवायचे. तर एक बादली गरम काढली की लगेच एक बादली गार ओतायची, आणि हे काम घरात एकाच माणसाकडे द्यायचं. याच डागातल्या शिशामुळे बंबाचं पाणी फक्त अंघोळीला वापरा, चहाला किंवा प्यायला अजिबात नको.

लाकडाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण बंबाच्या नव्वद टक्के तक्रारी खरं तर लाकडाच्या असतात. वखारीतून आणलेली बंबफोड, म्हणजे बंबासाठी फोडलेलं लाकूड, वरून सुकी दिसते पण आतून ओली असू शकते, ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचंच असतं. हे पाणी आधी वाफ होऊन जावं लागतं, आणि १ लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला जेवढी आच लागते तेवढ्यात तुमचं २० लिटर पाणी पंचवीस-तीस अंशांनी तापलं असतं. म्हणजे ओलं लाकूड लावून तुम्ही अंघोळीचं पाणी सोडून लाकडातलं पाणी तापवत बसता, वर डोळ्यात धूर, नळीला चिकट काळा थर. ओळखायचं कसं तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा, सुकं असेल तर टणटण वाजतं, ओलं असेल तर धप्प. सुक्या लाकडाच्या कापलेल्या तोंडाला भेगा पडलेल्या असतात आणि साल नखाने सुटते.

आमच्या मते बंबाला बाभूळ सगळ्यात भारी, जड असते, हळू जळते आणि निखारा बराच वेळ धरते. चिंचही चांगली पण फोडताना हात दुखतात. सुबाभूळ भरभर जळून जाते, पाणी लवकर तापवायचं असेल तर ठीक. पेटवण्यासाठी तुराट्यांसारखं दुसरं काही नाही, गावाकडे कुणी असेल तर दोन पेंढ्या मागवूनच ठेवा. शेंगांची टरफलं लोक पोतंभर आणून ओततात, ती पेटतात छान पण एकदम जास्त टाकली तर जाळीवर बसून हवा अडवतात, मूठ मूठ टाका. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूडचे तुकडे, प्लॅस्टिक, रबर काहीही बंबात घालायचं नाही, तो धूर तुमच्याच पोरांच्या नाकात जातो. आणि रॉकेल किंवा पेट्रोल तर बाटली जवळसुद्धा आणू नका.

पेटवताना जाळीवर आधी कागदाचा बोळा, त्यावर तुराट्या मोडून उभ्या-आडव्या, खालचं राखेचं दार उघडं. तुराट्यांनी नीट जाळ धरला, नळीतून घूं असा हवा ओढल्याचा आवाज यायला लागला की मग बंबफोड वरून एकेक सोडा, एकदम नळी भरू नका. वरून पांढरा दाट धूर येत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडतेय. नीट पेटलेल्या बंबाच्या तोंडाशी धूर जवळपास दिसतच नाही, पलीकडची भिंत हलल्यासारखी दिसते नुसती.

मग बसा. थोड्या वेळाने बंब गायला लागतो, बारीक सूंऽऽ असा आवाज. नळीला लागून असलेल्या पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि वरच्या गार पाण्यात शिरताच फुटतात, त्यांचा तो आवाज. आमच्या आईला घड्याळ लागायचं नाही, स्वयंपाकघरातून ऐकून सांगायची, आता काढा रे, उकळेल. आवाज वाढत जातो आणि खरी उकळी येताना उलट मऊ पडतो, त्याच्या आधीच पाणी काढायचं. तेल लावलेली पोरं अंगाला टॉवेल गुंडाळून बंबाच्या उबेला डुलक्या घेत बसलेली असतात, कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत असतो, बाहेर अजून अंधार आणि खालच्या दारातून निखाऱ्याचा लाल उजेड फरशीवर पडलेला. गीझरचं बटण दाबूनही पाणी गरमच येतं, २० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला जेमतेम १ युनिट वीज लागते, आम्ही काही गीझरच्या विरोधात नाही, आमच्याही घरी आहे. पण दिवाळीच्या पहाटे आम्ही बंबच पेटवतो.

बादलीत गार पाणी आधी घाला, गरम नंतर. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं आणि लहान मुलांची तर त्याहून लवकर. पेटवणाऱ्या बाईमाणसाने ओढणी, पदर खोचून घ्यावा, सिंथेटिक गाऊन घालून जाळाशी बसू नये.

बंद बाथरूममध्ये बंब पेटवू नका, हे हात जोडून सांगतो. फ्लॅटमध्ये राहायला गेलेले ग्राहक विचारतात, दार लावून, खिडकी किलकिली ठेवून चालेल का. नाही चालणार. अर्धवट जळणाऱ्या लाकडातून आणि खास करून धगधगत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस तिथेच पडतो. जाळ विझला, नुसते निखारेच आहेत म्हणून आत नेलं, ही तर सगळ्यात वाईट चूक. जानेवारीत खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारं लावून झोपणाऱ्यांनाही हेच लागू. कुणाला तसं झालं तर आधी मोकळ्या हवेत काढा आणि लगेच दवाखाना गाठा. अंगण, परसदार, वरून उघडी असलेली पडवी किंवा गच्ची यातलं काही नसेल तर बंब घेऊ नका, आम्ही स्वतःच विकणार नाही.

बोअरचं पाणी वापरत असाल तर आत पांढरा खर धरतो, पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना नळीवर बसतो. महिन्यातून एकदा जाळ न लावता कोमट पाण्यात मूठभर लिंबू सत्व टाकून तासभर ठेवा, मग दोनदा खळखळून धुवा. ठोकून किंवा खरवडून काढायला जाऊ नका, पत्रा फाटतो.

राख दुसऱ्या दिवशी काढा. वरून गार वाटली तरी आत निखारा असतो, प्लॅस्टिकच्या बादलीत भरलेली राख दुपारी बादलीसकट वितळलेली आम्ही बघितलीये. लोखंडी घमेल्यात काढा. भांड्यांना चांगली, झाडांना थोडी थोडी घालायला हरकत नाही.

सीझन संपला की पाणी पूर्ण काढून, तोटी उघडी ठेवून, उन्हात वाळवून मगच माळ्यावर टाका.

दुरुस्तीला आणताना बंब रिकामा करून, राख झाडून आणा, झाकण आणि तोटी सोबत असू द्या आणि आत नावाची चिठ्ठी टाका, कारण दिवाळीत इथे एकसारखे वीस बंब रांगेत असतात. डाग, तोटी, जाळी ही कामं शक्यतो त्याच दिवशी होतात. मधली नळी बदलायची असेल तर चार दिवस लागतात, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आणलात तर पहिल्या अंघोळीला मिळणार नाही, तेव्हा जमेल तेवढ्या लवकर या.