रजोनिवृत्तीनंतरचे संप्रेरक उपचार

पाळी कायमची गेल्यावर अंडाशयात इस्ट्रोजेन तयार होणे जवळपास थांबते. ही उणीव गोळी, जेल, पॅच किंवा मलमाच्या रूपाने भरून काढणे म्हणजे संप्रेरक उपचार. दवाखान्यात 'एचआरटी' म्हणतात. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. भारतात ती साधारण 46–47 व्या वर्षी येते. अंगातून एकाएकी वाफा निघतात, पंखा पूर्ण वेगात असूनही रात्री दोन वाजता पाठ घामाने भिजून जाग येते, मग झोप लागत नाही. 'वयच झालं' म्हणून बायका हे वर्षानुवर्षे सोसतात. या त्रासावर इस्ट्रोजेनइतके गुणकारी दुसरे औषध नाही. हाडांची झीजही त्याने थांबते.

गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन अमेरिकेत 1942 पासून विकले जाऊ लागले. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो हे 1975 मध्ये समोर आले. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीला सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषधही देतात.

या उपचारांची खरी दहशत बसली ती जुलै 2002 मध्ये. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध एकत्र देण्याच्या चाचणीत 50 ते 79 वयाच्या 16,608 स्त्रिया होत्या. स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसल्याने दोन्ही संप्रेरकांची चाचणी मध्येच थांबवली गेली. '26 टक्के वाढ' हा आकडा जगभर गाजला. प्रत्यक्षात, वर्षाला 10,000 स्त्रियांमागे कर्करोग व्हायचा 30 जणींना, तो औषध घेणाऱ्यांत 38 जणींना झाला. आठ जणी म्हणजे काहीच नाही असे मुळीच नाही. पक्षाघात आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे यांतही तेवढीच वाढ होती. खुब्याची हाडे मोडणे मात्र पाचने घटले. पण टक्केवारीने जी भीती घातली, ती या आकड्यांनी घातली नसती. शिवाय सहभागी स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहाएक वर्षे झालेली. याच अभ्यासाच्या दुसऱ्या चाचणीत गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिले गेले, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही.

साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले तर सहसा फायद्याचे पारडे जड ठरते, असे आज मानतात. पॅच आणि जेलमधले औषध आधी यकृतातून जात नाही, त्यामुळे गोळीपेक्षा गुठळीचा धोका कमी. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात किंवा गुठळी होऊन गेलेल्यांना, आणि कारण न कळलेला रक्तस्राव असलेल्यांना हे उपचार सहसा देत नाहीत. तक्रार फक्त कोरडेपणाची असेल तर योनीत लावायचे कमी मात्रेचे मलम पुरते. त्यातले औषध रक्तात फारच थोडे उतरते.

महाराष्ट्रात या हिशेबाची एक दुखरी बाजू आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला. त्यांतल्या कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली की रजोनिवृत्ती त्याच दिवशी सुरू होते. अंडाशये ठेवली तरी ती लवकर येऊ शकते. अशा तरुण वयात इस्ट्रोजेन गेले की हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून विशेष अडचण नसेल तर निदान पन्नाशीपर्यंत संप्रेरके द्यावीत असा वैद्यकीय सल्ला आहे. 2002 चे आकडे या बायकांचे नाहीत. त्या अभ्यासातली सर्वांत तरुण स्त्री 50 वर्षांची होती.